एकशे त्रेचाळीस टँकर

“धार काढून दाखवा,” बापू म्हणाले.

पुण्याहून आलेला पुष्कर नावाचा मुलगा आधी आमच्याकडे आणि मग आपल्या लॅपटॉपकडे बघत राहिला.

“सर, हे सॉफ्टवेअर आहे.”

“ते कळलं. पण आम्ही दूधवाले. म्हैस घ्यायची तर तीन धारा बघून घेतो. सकाळची, संध्याकाळची आणि परत सकाळची. पहिल्या धारेला कुठलीही म्हैस बादली भरते, कारण विकणाऱ्यानं आदल्या वेळचं दूध तुंबवलेलं असतं. खरं काय ते तिसऱ्या धारेला कळतं. काय खाडे?”

“बरोबर आहे, बापू,” मी म्हणालो.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरोबर आहे म्हणत होतो. माझी बायको शालन जाऊन चार महिने झाले होते. मी ऑफिसला यायचो, कँटीनमध्ये जेवायचो, घरी जाऊन झोपायचो. बरोबर आहे म्हटलं की समोरचा माणूस पुढे जातो, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आमच्या तालुक्याच्या दूध संघात वाहतूक विभागाचा प्रमुख होतो. बापू संघाचे चेअरमन. संघाचे बावीस हजार सभासद, त्यांच्या दुधाच्या नोंदी, टँकरचे फोटो, सगळं त्याच्या दोन वर्षं आधी क्लाऊडवर गेलं होतं. क्लाऊड म्हणजे काय ते बापूंनी संचालकांना एका वाक्यात सांगितलं होतं. “म्हैस आपली, गोठा भाड्याचा.” पुढे तपासणीला आलेल्या लोकांनी शेरा मारला की भाड्याच्या गोठ्यात म्हशी बांधल्या आहेत खऱ्या, पण दावं कोण सोडतंय, परकी म्हैस कोण आणून बांधतंय, हे बघायला कोणी नाही. त्यांनी हे साहेबी भाषेत लिहिलं होतं, पण अर्थ हाच. म्हणून नियम पाळले जातात की नाही यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. तीन कंपन्या आल्या. पुष्करची तिसरी.

निवड समिती तिघांची होती. बापू, मी आणि संगणक विभागातली रेश्मा मुजावर. रेश्माला यातलं सगळं कळायचं. मला काही कळायचं नाही. बापूंनाही काही कळायचं नाही, पण ते त्यांना मान्य नव्हतं.

मला त्या समितीत बसायचंच नव्हतं. कारण गोठ्यात परकी म्हैस आमच्याच घरून आलेली होती. एक नव्हे, एकशे त्रेचाळीस.

त्याचं असं झालं. टँकर तपासायला मला संघाचा फोन होता. टँकर गेटात आला की फोटो काढायचा. फोटोखाली तीन रकाने यायचे. वाहन क्रमांक, वाहनाची स्थिती आणि शेरा. स्थितीत तीनच पर्याय, स्वच्छ, अस्वच्छ आणि गळती. बटण दाबलं की फोटो आपोआप क्लाऊडवर. शालनला आजार कळला, डॉक्टरांनी दोन महिने सांगितले, तेव्हा ती रडली एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्हाला मीठ कुठं आहे ते तरी माहीत आहे का?”

मला माहीत नव्हतं.

तिने माझा ऑफिसचा फोन घेतला. त्यात फोटोखाली लिहायची सोय होती, ती तिला फार आवडली. मी म्हणालो, अगं, हे टँकरसाठी आहे. ती म्हणाली, मग डबा काय वेगळा असतो? रोज दुपारी स्टुलावर बसून तिने स्वयंपाकघरातला एकेक डबा भरला, पुसला, उघडला, फोटो काढला, क्रमांक दिला आणि खाली शेरा लिहिला. स्थितीचा रकानासुद्धा तिने प्रामाणिकपणे भरला. लोणच्याच्या बरणीला गळती लिहिली आणि पिठाच्या चाळणीला अस्वच्छ. असे एकशे त्रेचाळीस फोटो दूध संघाच्या नोंदीत टँकर म्हणून जाऊन बसले. रोज तीस-चाळीस खरे टँकर जमा होत होते, त्यात हे कोणाला दिसणार?

मीच तेवढा बघायचो. रोज दुपारी चार वाजता, चहा टेबलावर ठेवून, एकेक.

नियमाप्रमाणे संघाच्या क्लाऊडवर खासगी काहीही ठेवायचं नव्हतं. सापडलं तर पुसायचं. हा नियम वाहतूक विभागात मीच सही करून भिंतीवर लावला होता.

पहिली कंपनी मुंबईची. टाय लावलेले एक गृहस्थ आले, त्यांनी सॉफ्टवेअर चालू केलं आणि परत गेले. त्या दिवशी बापू एका साखरपुड्याला भाषण करत होते. “दोन घराणी एकत्र येत आहेत” असं म्हणाले आणि खिशात फोन वाजला. पुढचं वाक्य सुरू केलं, परत वाजला. सॉफ्टवेअरला एकेक चूक सापडत होती आणि ते प्रत्येक चुकीला एक इशारा पाठवत होतं. साखर वाटेपर्यंत चार हजार एकशे अठरा इशारे आले. त्यातला एक असा होता की चेअरमनांचा पासवर्ड त्यांच्या स्वतःच्याच नावाचा आहे. तो नवऱ्यामुलाच्या मामांनी मोठ्याने वाचला.

“ओरडी म्हैस,” बापू दुसऱ्या दिवशी म्हणाले. “धार आधी बघू का ओरडणं ऐकू?”

चार हजार इशाऱ्यांत माझे एकशे त्रेचाळीसही होते. पण एवढ्या गोंगाटात कोणी बघितले नाहीत. मी चहा घेतला.

दुसरं सॉफ्टवेअर उलट होतं. ते एक शब्द बोलायचं नाही. नियम मोडला की थेट कारवाई. त्याला आम्ही संघाची छापील नियमावली दिली होती, ती आमच्यापैकी कोणी कधी वाचलेली नव्हती. त्याने वाचली. तिच्यात जुना एक नियम होता की कार्यालयीन वेळेबाहेर दुधाची नोंद करू नये. कार्यालयीन वेळ दहा ते पावणेसहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाच वाजता तालुक्यातली शहाऐंशी संकलन केंद्रं एकाच वेळी बंद पडली. लोक दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत उभे आणि यंत्रावर एकच ओळ, कृपया दहा वाजता यावे. बापूंच्या दारात सहा वाजेपर्यंत वीस मोटरसायकली. एक म्हातारे आजोबा बापूंना म्हणाले, “दहा वाजता तर दहा वाजता. पण ते म्हशीला तुम्ही येऊन सांगा.”

ते सॉफ्टवेअर पहिल्या धारेलाच बंद केलं. “लाथाळ,” बापू म्हणाले, “बादली, माणूस, काही बघत नाही.” रेश्माने त्याच्या कारवाईची यादी मला दाखवली. शेवटची ओळ होती, एकशे त्रेचाळीस अनोळखी वाहने, आज दुपारी बारा वाजता पुसली जातील.

“ही कुठली वाहनं असतील हो, सर?” तिने विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

“असतील कुठलीतरी,” मी म्हणालो.

मग पुष्कर. त्याचं सॉफ्टवेअर ओरडायचं नाही आणि लाथ मारायचं नाही. विचारायचं. ज्या गोष्टीला वाली दिसत नाही तिच्याबद्दल तीन प्रश्न. मालक कोण, कशासाठी ठेवलंय, कधीपर्यंत लागेल. उत्तर दिलं तर ठेवायचं. मुदतीत कोणीच उत्तर दिलं नाही तर पुसायचं. मुदत बापूंनीच ठरवली, तिसरी धार.

पहिल्या धारेला त्याने बापूंनाच विचारलं. संघाच्या जागेत एका रेड्याचे अडुसष्ट व्हिडिओ आहेत, ते कोणाचे?

“माझे,” बापू म्हणाले. “सरदार आहे तो. प्रदर्शनात पहिला आला होता. रेश्मा, लिही. मालक, मी.”

“कशासाठी ठेवलंय, बापू?”

“रेडा चांगला आहे म्हणून.”

“कधीपर्यंत?”

“रेडा असेपर्यंत.”

रेश्माने तसंच लिहिलं. पुष्करच्या सॉफ्टवेअरने ते मान्य केलं. बापू खूश झाले. “ही म्हैस नाही, ही सासू आहे. कुणाचं, कशाला, कधीपर्यंत. पण उत्तर दिलं की गप्प बसते. असली सासू बरी.”

दुसऱ्या धारेला, म्हणजे संध्याकाळी, माझ्या टेबलावरच्या पडद्यावर प्रश्न आला. एकशे त्रेचाळीस वाहने, वाहन नोंदवहीत नाहीत. मालक कोण?

मी नाव लिहिलं. मग कशासाठी आलं. मी लिहिलं, स्वयंपाक. ते खोटं होतं, चार महिन्यांत मी घरी चहासुद्धा केला नव्हता. ते पुसलं. आठवण लिहिलं, ते बघून मलाच लाज वाटली. तेही पुसलं. बापूंनी रेडा चांगला आहे असं लिहिलं होतं, ते किती सोपं होतं. कधीपर्यंतच्या रकान्यापर्यंत मी पोचलोच नाही. शेवटी नावही पुसलं आणि घरी गेलो.

सकाळी नऊ वाजता बापूंच्या केबिनमध्ये बैठक बसली. पुष्करने पडदा लावला. पडद्यावर एकच प्रश्न उरला होता आणि खाली वेळ धावत होती. एक तास चार मिनिटं. मग पुसणार.

बापूंनी तो प्रश्न दोनदा वाचला. मग उठून उभे राहिले.

“एकशे त्रेचाळीस टँकर? नोंदवहीत नाहीत?”

“हो, सर,” पुष्कर म्हणाला.

“म्हणजे आपल्या गेटातून एकशे त्रेचाळीस टँकर दूध गेलं आणि आपल्याला पत्ता नाही. कोष्टीला बोलवा.”

हणमंत कोष्टी गेटवर नोंद ठेवायचा. गेटाच्या खोलीतच त्याची शेगडी, तिथेच त्याचं जेवण. तो नोंदवही छातीशी धरून आला.

“कोष्टी, तुझ्या गेटातनं काय काय जातं?”

“नोंद केल्याबिगर उंदीर बी जात न्हाई, बापू.”

“मग हे एकशे त्रेचाळीस टँकर उडून गेले का?”

कोष्टीने पडद्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. “माज्या वहीत न्हाईत.”

“तेच तर म्हणतोय मी. पुष्कर, या टँकरांची माहिती काय आहे ती वाचा.”

पुष्करने बटण दाबलं. माझे हात टेबलाखाली होते.

“वाहन क्रमांक एक. स्थिती, स्वच्छ. शेरा…” तो थांबला. “शेरा असा आहे, सर. ‘हा हिंग. झाकण घट्ट लावा.’”

“हिंग?”

“हो, सर. वाहन क्रमांक सात. स्थिती, गळती. ‘तेल. खाली कागद ठेवा. मी बघत नाही म्हणून ओट्यावर काहीही चालणार नाही.’”

बापू हळूच खुर्चीत बसले. आवाज खाली आला. “ही सांकेतिक भाषा आहे. रेश्मा, दार लाव. कोष्टी, हिंग म्हणजे काय?”

“हिंग म्हंजे हिंग, बापू. आमटीत घालत्यात.”

“सरळ उत्तर दे.”

“ह्याच्यापरीस सरळ कसं देऊ?”

“पुढचं वाचा.”

“वाहन क्रमांक एकतीस. ‘साखर. वरचा डबा पाहुण्यांचा, खालचा तुमचा. तुम्ही वरचा उघडता हे मला माहीत आहे.’”

“बघा,” बापू म्हणाले. “वरचा माणूस, खालचा माणूस. वाटणी ठरलेली आहे. खालच्यानं वरच्याच्या वाट्यात हात घातलाय आणि हा त्याला दम देतोय. मोठी टोळी आहे. वाचा.”

“वाहन क्रमांक चौपन्न. ‘मसूर. रात्री भिजत घाला. विसरलात तर शिट्ट्या वाढवा, मला फोन करू नका.’”

“शिट्टी म्हणजे इशारा,” बापू म्हणाले. “गेटवर शिट्टी कोणाकडे असते?”

सगळ्यांनी कोष्टीकडे बघितलं. शिट्टी त्याच्या गळ्यातच होती.

 कोष्टीने आधी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, तो ठेवला. मग नोंदवही ठेवली आणि तिच्यावरची धूळ हाताने पुसली.

“सव्वीस वर्षं झाली, बापू,” तो म्हणाला. “माजं काय चुकलं आसंल तर लिवून द्या. निस्तं त्वांडी नको.”

मी उभा राहिलो.

“ते टँकर माझे आहेत, बापू.”

“तुमचे? खाडे, तुमच्याकडे सायकल आहे.”

“टँकर नाहीत. डबे आहेत. आमच्या घरातले. शालननं काढलेत फोटो.”

 पुष्करने पहिला फोटो मोठा केला. पितळेची डबी, उघडी, आत हिंग. बाजूला शालनचा अंगठा आला होता आणि हिरव्या दोन बांगड्या.

बापू बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी शिट्टी उचलून कोष्टीच्या हातात दिली, किल्ल्या दिल्या. “घाल परत,” म्हणाले. “माझं चुकलं.” मग माझ्याकडे वळले. “अहो, पण मग घरी का नेलं नाही हे? रेश्मा पाच मिनिटांत काढून देते. होय का नाही, रेश्मा?”

“मी चार महिन्यांपूर्वीच काढून ठेवलंय, बापू,” रेश्मा म्हणाली. तिने पर्समधून एक पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “सर मागतील म्हणून वाट बघत होते.”

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी पेनड्राइव्हकडे बघितलं, पण उचलला नाही.

“घरी नको,” मी म्हणालो.

“का?”

“घरी डबे आहेत.”

“मग तर बरंच आहे की. फोटो बघायचा, डबा काढायचा, स्वयंपाक करायचा. वहिनींनी त्याच्यासाठीच केलंय ना हे?”

“डबे तिनं भरलेत, बापू,” मी म्हणालो. “शेवटचे. वापरले तर संपतील.”

चार महिने मी कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर फार छोटं वाटलं. घड्याळात सोळा मिनिटं उरली होती.

बापूंनी डोक्यावरची टोपी काढली, आतून बघितली आणि परत घातली.

“खाडे, तुम्ही वाहतुकीत किती वर्षं आहात?”

“एकोणतीस.”

“भरलेला टँकर चार महिने उभा ठेवला तर आतल्या मालाचं काय होतं?”

“नासतो.”

“मग?”

बापू पुष्करकडे वळले.

“पुष्कर, वेळ थांबवता येते का?”

“मालकाचं नाव भरलं तर आणखी एक दिवस मिळतो, सर.”

“भरा. खाडे. आणि सगळे उठा. संघाचा नियम आहे, नोंद नसलेलं वाहन सापडलं की जागेवर जाऊन पडताळणी. कोष्टी, वही घे.”

मला वाटलं, बापू गंमत करतायत. पण साडेदहा वाजता संघाची जीप माझ्या दारात उभी होती आणि आम्ही पाचजण माझ्या स्वयंपाकघरात. शेजारच्या आडमुठेवहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, जप्ती आली.

पुष्कर ओट्यावर लॅपटॉप ठेवून एकेक शेरा वाचायचा. रेश्मा फडताळातून डबा शोधायची. बापू झाकण उघडून आत बघायचे आणि कोष्टी वहीत खूण करायचा.

“वाहन क्रमांक एक, हिंग.”

“आहे.”

“वाहन क्रमांक चार, तुरीची डाळ. ‘वरचा नव्हे, खालचा.’”

बापूंनी झाकण उघडलं आणि डबा लांब धरला. डाळीत पोरकिडे झाले होते. डाळ कमी आणि तेच जास्त.

“खाडे,” बापू म्हणाले, “तुम्ही डाळ राखली म्हणता. ह्यांनी चार महिने पंगत उठवली.”

कोष्टी हसला. मग रेश्मा हसली. मला हसू येईल असं वाटलं नव्हतं, पण त्या डब्यात एक पोरकिडा काठावर चढून आमच्याकडे बघत होता, अगदी आपल्या घरात पाहुणे आल्यासारखा. मीही हसलो. हसताना आवाज वेगळाच निघाला. बापूंनी डबा रेश्माकडे दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुष्करला म्हणाले, “तुम्ही वाचा, थांबू नका.”

बारा वाजेपर्यंत एकोणसाठ डबे झाले आणि बापूंना भूक लागली. चौपन्न क्रमांकाचा मसूर चांगला निघाला. भिजत घातलेला नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिल्याप्रमाणे शिट्ट्या वाढवायच्या ठरल्या. किती वाढवायच्या यावर बापू आणि कोष्टी यांचं भांडण झालं. स्वयंपाक कोष्टीने केला. बापूंनी कांदा चिरला आणि ते आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त रडले. चटणीचा डबा उघडला तेव्हा पुष्करने वाचलं, “‘चमचा कोरडा घ्या. ओला घातलात तर मला कळेल.’” कोष्टीने चमचा धोतराला तीनदा पुसला आणि मगच आत घातला.

मसूर जरा कच्चा राहिला. आम्ही जमिनीवर बसून सगळा खाल्ला. चव शालनच्या चटणीची होती. मी दोनदा वाढून घेतलं. घरात चार महिन्यांनी फोडणीचा वास होता.

जेवण झाल्यावर राहिलेले डबे तपासले. संध्याकाळच्या धारेपर्यंत कोष्टीने शेवटची खूण केली आणि बेरीज मांडली.

“एकशे बेचाळीस झाले. एक कमी भरतोय, बापू.”

“शोधा.”

रेश्माने फडताळ, माळा, ओट्याखालचं कपाट, सगळं परत बघितलं. मला माहीत होतं शेवटचा कुठला आहे ते. पण मी बोलण्याआधीच पुष्करने तो फोटो उघडला आणि लॅपटॉप हळूच आमच्याकडे फिरवला.

फोटोत मी होतो. खुर्चीत झोपलेलो, तोंड उघडं, पोटावर पेपर, एक पाय टेबलावर. वाहन क्रमांक एकशे त्रेचाळीस. स्थिती, स्वच्छ. शेरा होता, ‘हे आमचे हे. वेळेवर जेवायला घाला. नाही घातलं तर चिडचिड करतात, पण मनानं चांगले आहेत.’

बाकी सगळे शेरे मला उद्देशून होते. हा नव्हता.

कोष्टीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि वहीत खूण केली.

“एकशे त्रेचाळीस,” तो म्हणाला. “हजर.”

त्या रात्री डाळ मी अंगणात ओतली. चिमण्यांनी सकाळी संपवली. रिकामा डबा घासला, उन्हात ठेवला आणि नवी डाळ आणून भरली. खालच्या डब्यात.

पुष्करचं सॉफ्टवेअर घेतलं. बापूंनी इतिवृत्तात स्वतःच्या हाताने कारण लिहिलं, ‘पुसण्याआधी विचारते.’ रेश्मा म्हणाली, बापू, तांत्रिक कारण लिहावं लागतं. बापू म्हणाले, हेच तांत्रिक आहे. नियमात एक पोटनियमही घातला की मालकाने लेखी जबाबदारी घेतली तर खासगी वस्तू ठेवता येईल आणि दरवर्षी त्याला परत विचारलं जाईल. तो पोटनियम त्यांनी सरदारसाठी घातला असं ते सगळ्यांना सांगायचे. पेनड्राइव्ह रेश्माने माझ्या खिशात टाकला होता. तो आता मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीशेजारी असतो. बाकी काही तिथे मावतही नाही.

मी निवृत्त झालो त्याला पाच वर्षं झाली. पुष्करची सासू अजून संघात आहे. दरवर्षी त्या तारखेला मला तिचा निरोप येतो. मालक, खाडे. वाहने अजून लागतात का? मी यादी उघडतो आणि एकेक बघतो. ज्या डब्यात काय असतं, किती घालायचं, हे आता हाताला माहीत झालंय, त्याच्यापुढे नको असं लिहितो. पहिल्या वर्षी बावीस गेले. हिंग सगळ्यात आधी. मसूर तिसऱ्या वर्षी गेला, आता तो मी रात्रीच भिजत घालतो. साखर बरीच वर्षं ठेवली होती, कारण वरचा डबा मी अजूनही उघडतो.

बापूंचा सरदार गेला, त्यांनी त्याचे व्हिडिओ स्वतः पुसले. मला फोन करून सांगितलं, “रेडा असेपर्यंतच लिहिलं होतं, खाडे. दिलेला शब्द पाळायला पाहिजे.” मग विचारलं, “जेवलात का?”

कोष्टी रविवारी येतो. बरोबर कांदे आणतो. शिट्ट्यांवरून आमचं अजून भांडण होतं.

यंदाचा निरोप काल आला. यादीत एकच ओळ राहिली आहे. वाहन क्रमांक एकशे त्रेचाळीस. स्थिती, स्वच्छ. खाली प्रश्न, हे वाहन अजून वापरात आहे का?

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. मी चष्मा लावला, हात पुसले आणि लिहिलं, हो.